चाळीस मिनिटं गप्प बसल्याबद्दल

एल्डरटन कॉलेज,
सोमवार, दुपार

आदरणीय (आणि फोनवर कधीही न सापडणाऱ्या) ऑगस्टा मावशीस,
नेटीचा वाकून नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? डावा गुडघा जिन्यावर अजून कुरकुरतो, की नव्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या व्यायामाचा काही उपयोग झाला? (तू तो करत नसणार, हे मला माहीत आहे. त्या बाईंना मात्र "रोज दोनदा" असं छातीठोकपणे सांगत असशील.) शेजारच्यांचा कुत्रा यंदाही तुझ्या भोपळ्यांवर झोपतो का? तू पाठवलेला पीचचा मुरंबा पोचला, आणि तीन दिवसांत संपलाही. माझ्या वाट्याला बाटलीचं झाकण आलं, असं म्हटलं तरी चालेल. मी बरी आहे. जेवतेय. झोपेचं विचारू नकोस.

पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर अडचणीचं काही निघालं की तू "बरं, गॅसवर काहीतरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र ठेवून दिलं तरी ते टेबलावर तसंच राहतं. म्हणून पत्र. बसून वाच. चष्मा लाव. गॅस बंद कर.

मागच्या वसंतात मी सचोटी मंडळावर निवडून आले, तेव्हा तू अख्ख्या चर्चला ती बातमी ऐकवलीस. त्यात एक दुरुस्ती आहे. मी निवडणुकीला उभी राहिले ती अपघातानं. नाटक मंडळात नाव घालायचं म्हणून मी एका रांगेत थांबले, आणि ती रांग दुसरीच निघाली. तोपर्यंत सही झाली होती. आमच्या वर्षातून तीन जागांना तीनच उमेदवार होते, त्यामुळे "प्रचंड बहुमतानं" हे तू जे सांगितलंस, तेही जरा सैल पडतं. पण निवडून आल्यावर मी मनापासून शपथ घेतली, हे खरं. तू स्वतः इथंच शिकलीस, तेव्हा तुला इथल्या चालीरीती सांगायला नकोत. पन्नास वर्षांत फारसं काही बदललेलं नाही. प्रत्येक पेपरखाली अजून स्वतःच्या हातानं लिहावं लागतं, की यात मी दुसऱ्याचं काही घेतलेलं नाही. परीक्षेला अजून कोणी पहाऱ्याला बसत नाही. हिरवळीवर लॅपटॉप तसाच सोडून पोरं जेवायला जातात आणि परत आल्यावर तो तिथंच असतो. आणि कुणी खोटं बोललं, चोरलं किंवा ढापलं, तर अजूनही निवाडा प्राध्यापक करत नाहीत, आम्ही विद्यार्थीच करतो. पाच जण बसतात, त्यातल्या चौघांनी दोषी म्हटलं की झालं. शिक्षा अजून एकच. दंड नाही, ताकीद नाही, दुसरी संधी नाही. कॉलेज सोडायचं, कायमचं.

आता प्रकरण सांगते. डेल्फिया कप नावाची पहिल्या वर्षाची मुलगी आहे. लहानखुरी, मोठ्या चौकड्यांचा सदरा घालणारी, वर्गात सगळ्यांत मागे बसणारी. कप म्हणजे इथल्या खोऱ्याच्या वरच्या अंगाचे लोक. त्यांच्या घरातून कॉलेजात आलेली ही पहिलीच. डॉ. मर्सरांच्या स्थानिक इतिहासाच्या वर्गात तिनं निबंध दिला, सफरचंदं डबाबंद करणाऱ्या जुन्या कारखान्यातल्या बायकांवर. यंत्रातून सोलून निघालेल्या फळांचे डाग चाकूनं काढत दिवसभर सरकत्या पट्ट्याशी उभ्या राहणाऱ्या बायका. डॉ. मर्सर वाचत गेले, खूश झाले आणि तिसऱ्या पानावर त्यांचा हात थांबला. एक वाक्य होतं: "ऑगस्ट संपता संपता हातांना सफरचंदांचा वास येत नाही, सफरचंदांनाच हातांचा यायला लागतो."

हे वाक्य त्यांना पाठ होतं. गेली बावीस वर्षं प्रत्येक सत्राच्या शेवटी, निरीक्षण कसं करावं याचा नमुना म्हणून ते हा उतारा वर्गात वाचून दाखवतात. ग्रंथालयात जाऊन त्यांनी जुना बांधीव निबंध काढला आणि ताडून पाहिला. तीन परिच्छेद जसेच्या तसे. बिचारे आठवडाभर तक्रारीचा कागद खिशात घेऊन हिंडले, मग एकदाचा आमच्या पेटीत टाकला. (ते वाईट नाहीत, मावशी. साक्ष देताना त्यांनी पाण्याचा पेला चार वेळा उचलला आणि एकदाही प्यायले नाहीत.)

सुनावणी परवा शनिवारी सकाळी दहाला, जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत झाली. पाच जणांत माझं नाव निघालं. मधोमध आमचा अध्यक्ष व्हिटफील्ड टन्स्टॉल. चौथ्या वर्षाचा आहे, पण बो टाय लावून बसला की पंचावन्नचा वाटतो. खोलीतला वाफेचा हीटर ऑक्टोबरातच चालू केलेला, आणि तो मधूनच असा ठोकतो की दरवेळी सगळे दाराकडे बघतात. व्हिटफील्डनं नियमाचा प्रश्न विचारला: या प्रकरणातल्या कोणाशी आपलं नातं, मैत्री, वैर किंवा प्रेम आहे का? पाचही जणांनी नाही म्हटलं. मीही म्हटलं, आणि त्या क्षणी ते शंभर टक्के खरं होतं. हे कृपा करून लक्षात ठेव.

मग तो बांधीव निबंध टेबलावरून हातोहात फिरला. निळं कापड, कोपरे झिजलेले. माझ्यापाशी आला, मी उघडला. पहिल्या पानावर टाइप केलेलं होतं: ऑगस्टा ट्रिम्बल. वार्षिक निबंध पारितोषिक, १९७४.

माझं आडनाव फॉकनर. त्या खोलीत एकालाही ठाऊक नव्हतं की ट्रिम्बल हे माझ्या आईचं माहेर आहे. घड्याळात दहा वीस झाले होते. नियम अगदी स्पष्ट आहे: नातं कळलं की उठायचं, सांगायचं, बाहेर जायचं. मी उठले नाही. पहिली पाच मिनिटं मी स्वतःला सांगितलं की प्रश्न विचारून झालाय आणि उत्तर दिलं तेव्हा खरं होतं. पुढची पाच मिनिटं सांगितलं की ज्याचं चोरीला गेलं त्याच्याशी नातं असणं आणि ज्यानं चोरलं त्याच्याशी नातं असणं यात फरक आहे. त्यानंतर मी स्वतःला काही सांगायचंच सोडून दिलं. खरं सांगू? मला राग आला होता. माझ्या मावशीचं वाक्य, आणि ते या मुलीनं उचललं! मी तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती न्याय करणाऱ्याची नजर नव्हती. आणि माझं मत पाचातलं एक होतं.

डेल्फिया समोर बसली होती, हात मांडीवर. व्हिटफील्डनं विचारलं, "हे परिच्छेद तुझे आहेत?"

"माझ्या आजीचे आहेत."

"कुठं लिहिलेत तिनं?"

"लिहिलेले नाहीत. ती बोलते तसं. मी लहानपणापासून ऐकतेय."

"मग यात दुसऱ्याचं काही नाही, असं खाली कसं लिहिलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. "आजी दुसरी कशी?" ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. हीटरनं ठोकलं. माझ्या शेजारच्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मला बाजूनं दिसलं: "पुरावा नाही." तिचं सगळं खरं असलं तरी आमच्या हातात होतं काय? एका बाजूला पन्नास वर्षांपूर्वीचा टाइप केलेला, बक्षीस मिळालेला निबंध. दुसऱ्या बाजूला एक पोरगी म्हणतेय की आजी बोलते. व्हिटफील्डनं अगदी सौम्यपणे विचारलं, आजी हयात आहेत का.

"खाली ट्रकमध्ये बसलीये," डेल्फिया म्हणाली. "मी वर येऊ नको म्हटलं. अठ्ठावीस पायऱ्या आहेत. आणि तिनं हे ऐकू नये असं मला वाटत होतं."

दोघं जण खाली गेले. त्या अठ्ठावीस पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली, आणि खोलीतले आम्ही सगळे एकेक पायरी ऐकत होतो. दारात आल्या त्या ऑर्फाबाई कप. वय चौऱ्याऐंशी. पुरुषी जाकीट, हातात फुगलेली पर्स, श्वास पुरता लागलेला. खुर्ची दिली तर आधी बसल्या नाहीत.

"माझ्या पोरीला चोर कोण म्हणालं?"

आम्ही पाचही जणांनी डॉ. मर्सरांकडे बघितलं. डॉ. मर्सरांनी हीटरकडे बघितलं.

"आजी, चोर कोणीच म्हणालं नाही अजून," व्हिटफील्ड म्हणाला. "आम्ही विचारतोय."

"मग विचारा की. मला विचारा. ते पुस्तक काय आहे? मला ते बारीक अक्षर दिसायचं नाही. कोणीतरी वाचा."

मी सगळ्यांत जवळ होते. व्हिटफील्डनं मान हलवली, म्हणून मी उठून त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहिले आणि तुझा निबंध वाचायला लागले, मावशी. मोठ्यानं. पहिलं वाक्य त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्याला त्यांचे ओठ हलायला लागले. तिसऱ्यापासून त्या माझ्यासोबत बोलत होत्या, आणि परिच्छेदाच्या शेवटी शेवटी माझ्या पुढे. मी अजून "ऑगस्ट संपता संपता" पाशी होते तोवर त्यांचे हात आणि त्यांची सफरचंदं म्हणून झालीसुद्धा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. डॉ. मर्सरांचा पेला हातात तसाच राहिला. बावीस वर्षं ते ज्या आवाजात ते वाक्य वाचत आले, त्याहून ते कितीतरी साधं निघालं.

टाइप केलेला भाग जेवणाच्या भोंग्यापाशी संपतो, तुला आठवत असेल. मी पुस्तक मिटलं. ऑर्फाबाई थांबल्या नाहीत.

"मग भोंगा झाला तरी पट्टा थांबला नाही, आणि व्हर्नाचं बोट गेलं," त्या म्हणाल्या, त्याच लयीत. "मधलं. दोन पेरं. मुकादमानं त्या खोक्यातली फळं ओतून दिली आणि पट्टा धुवा म्हणाला. व्हर्ना सोमवारी कामावर आली. आम्ही तिच्या वाट्याची फळं वाटून घ्यायचो, कोणाला न दाखवता." मग त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बोट केलं. "हे कुठंय त्यात?"

"यात नाही, आजी," मी म्हटलं.

"त्या मुलीनं लिहून घेतलं होतं. मी बघितलं होतं लिहिताना."

"कोणत्या मुलीनं?" व्हिटफील्डनं विचारलं.

"कॉलेजवाली होती एक. उन्हाळाभर आमच्याशेजारी खोक्यावर बसायची. शेंदरी रेनकोट घालायची आतसुद्धा, रस उडतो म्हणून. आम्ही हसायचो. पण पोरगी चांगली होती, आमच्यातली एकजण आजारी पडली तर दोन दिवस तिच्या जागी चाकू घेऊन उभी राहिली. छापून आलं की पाठवते म्हणाली होती. गसी म्हणायचो आम्ही तिला."

तेव्हा मी बोलले. घरच्यांशिवाय त्या नावानं तुला कोणी हाक मारत नाही. मी म्हटलं, "गसी माझी मावशी आहे. मला उठायला हवं होतं, मी उठले नाही."

व्हिटफील्डनं चष्मा काढला. "केव्हा कळलं तुला?"

घड्याळात बरोबर अकरा वाजले होते. "चाळीस मिनिटं झाली," मी म्हटलं.

मला बाहेर काढलं, माझ्या जागी राखीव सदस्याला बसवलं, त्याला सगळं पुन्हा ऐकवलं. ऑर्फाबाईंनी पुन्हा म्हणून दाखवलं, दाराआडूनही शब्द न शब्द तोच. मी बाहेरच्या बाकावर. पाऊण तासानं निकाल: दोषी नाही, पाचही जणांच्या मतानं. डेल्फियानं निबंध पुन्हा लिहायचा आणि आजीचं नाव घालायचं, एवढंच. डॉ. मर्सरांनी दारातच तिची माफी मागितली. ती "हो सर" म्हणाली आणि माझ्या बाकाजवळ येऊन उभी राहिली.

"तू मला काढणार होतीस का?"

मी म्हटलं, "माहीत नाही." खरं तर मला माहीत होतं. ऑर्फाबाई वर येईपर्यंत मी काढणारच होते. ऑर्फाबाईंनी पर्समधून कागदात गुंडाळलेलं हॅमचं सँडविच काढलं, अर्धं मोडून माझ्या हातात दिलं आणि "खा, पांढरी पडलीयेस" म्हणाल्या. मी ते बाकावर बसून खाल्लं आणि रडले. (दोन्ही एकदम करता येतं. सँडविचात मोहरीची चटणी जास्त झाली होती, असं मी डेल्फियाला सांगितलं.)

आता माझ्यावर प्रकरण आहे. पंच असून चाळीस मिनिटं नातं लपवलं. सुनावणी पुढच्या आठवड्यात, गुरुवारी दहाला. घाबरू नकोस. आपल्या नियमांत आपखुशीच्या कबुलीचं एक कलम आहे: कोणाला संशय येण्याआधी स्वतःहून कबूल केलं, तर दोष धुतला जातो. व्हिटफील्ड म्हणाला, तू सगळ्यांसमोर स्वतःहून बोललीस, आणखी काय हवं? हातसुद्धा मिळवला त्यानं. तेव्हा माझं ठीक होईल.

तुला मी काही विचारत नाही. तू वीस वर्षांची होतीस, ते बक्षीस कारखान्याच्या मालकांनी ठेवलेलं होतं, हे मला शनिवारी संध्याकाळी ग्रंथालयात कळलं. व्हर्नाचं बोट निबंधात का नाही, हे मी विचारणार नाही. ऑर्फाबाईंचं नाव कुठंच का नाही, हेही नाही. प्रत का पाठवली नाहीस, हे तर नाहीच नाही. गुडघ्याला जप. व्यायाम कर.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
नेटी

ता. क. आईला यातलं काही बोलू नकोस. तिला वाटतं मी नाटक मंडळात आहे.

आणखी एक ता. क. वर मी एक गोष्ट चुकीची लिहिली आहे. चुकीची म्हणजे खोटी. मी स्वतःहून बोलले नाही. "गसी" म्हणून झाल्यावर ऑर्फाबाईंनी माझं मनगट धरलं, वर माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "तू तिची कोण?" मग मी बोलले. त्यांनी विचारलं नसतं तर बोलले असते का, हे मी काल दिवसभर स्वतःला विचारलं आणि उत्तर काही चांगलं आलं नाही. तेव्हा संशय आधी आला आणि कबुली नंतर. ते कलम मला लागू होत नाही. हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक आहे, आणि ऑर्फाबाई कोणाला सांगणाऱ्यांतल्या नाहीत.

मंगळवार, सकाळ. पत्र काल टाकलं नाही, बरं झालं. आत्ताच व्हिटफील्डला जाऊन सगळं सांगितलं. त्यानं बो टाय सरळ केला. म्हणाला, "या खोऱ्यात म्हातारी माणसं ज्याला त्याला 'तू कोणाची' विचारतात. याला संशय म्हणायचं की ओळख काढणं?" त्याला ठरवता येईना. ते आता पाच जण ठरवतील, आणि ठरवण्याआधी त्यांना ऑर्फाबाईंची साक्ष हवी आहे. मी इथं राहते की घरी येते, ते त्या एका प्रश्नाचा अर्थ त्या काय सांगतात यावर आहे. मी त्यांना फोन केला. काय सांगायचं ते मी पढवलं नाही, तूही पढवू नकोस. त्या म्हणाल्या, येईन, पण या वेळी पोरीच्या ट्रकमधून नाही. गसीनं न्यायला यावं. रागावलेली नाहीये म्हणावं, पण पाठवते म्हणाली होती ते राहिलंय.

तर मावशी, काम एवढंच आहे. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी साडेसातला त्यांच्या दारात हजर राहा. निबंधाची तुझ्याकडची प्रत घेऊन जा, आणि कोरी वहीसुद्धा. दहा वाजेपर्यंत भरपूर वेळ आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाचून दाखव. भोंग्यापाशी आलीस की थांब. तिथून पुढचं त्या सांगतील, आणि तू लिहून घे.